प्रयोगशाळा जनतेची, मालकी कुणाची?

रसायनशास्त्र आणि वैद्यक यांच्या प्रगतीविषयी भांडवली वृत्तपत्रांतून गेली तीन-साडेतीन दशके एकच पालुपद ऐकविले जात आहे. नवी औषधे खाजगी भांडवल शोधते. पेटंटचे संरक्षण हा त्या शोधाचा न्याय्य मोबदला. आणि सरकारी महाविद्यालये, विद्यापीठे व राष्ट्रीय प्रयोगशाळा म्हणजे जनतेच्या पैशावर पोसलेले पांढरे हत्ती! या युक्तिवादाचा निष्कर्षही ठरलेला असतो. अनुदाने कमी करा, शुल्क वाढवा, सार्वजनिक कारखाने विका.

दुर्दैवाची गोष्ट अशी, की आपल्याही काही मित्रांना हा वाद प्राध्यापकांचा आणि विद्यार्थी संघटनांचा, म्हणजे फार तर मध्यमवर्गाचा वाटतो. कामगार-शेतकरी चळवळीने त्यात पडावे असे त्यात काय आहे, असे ते विचारतात. क्षयाने खंगलेल्या यंत्रमाग कामगाराच्या खोलीत किंवा काला-आजाराने ग्रासलेल्या बिहारमधील शेतमजुराच्या झोपडीत हा प्रश्न मध्यमवर्गीय राहत नाही. तेथे तो औषध मिळण्याचा किंवा न मिळण्याचा, म्हणजे जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो. म्हणून या प्रचाराची वस्तुस्थितीच्या कसोटीवर तपासणी करणे आवश्यक आहे.

हात न लावणारे विद्वान

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. विद्वानांचे महाविद्यालय ही संस्था स्वभावतःच पुरोगामी असते असे मुळीच नाही. लंडनचे ‘रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ १५१८ मध्ये राजाच्या सनदेने स्थापन झाले. लंडन व आसपासच्या परिसरात वैद्यकी कोणी करावी हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. औषध कुटणे, उकळणे, गाळणे ही हाताची कामे अपॉथिकरी म्हणजे औषधविक्रेत्या कारागिरांची. ग्रंथ वाचून लॅटिनमध्ये चिठ्ठी लिहिणे हे विद्वान वैद्याचे काम. १६१८ मध्ये या कॉलेजने आपली औषधसंहिता प्रसिद्ध केली तीही लॅटिनमध्येच. निकोलस कल्पेपर या प्रजासत्ताकवादी औषधकाराने १६४९ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर छापले, तेव्हा कॉलेजच्या रोषाचा तो धनी झाला. सामान्य माणसाला आपल्या औषधात काय आहे ते कळू लागले, हाच त्याचा अपराध! पुढे विल्यम रोझ नावाच्या औषधकाराने एका खाटिकावर परवान्याविना उपचार केले म्हणून या कॉलेजने त्याच्यावर खटला भरला. १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने रोझच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कोठे औषधकारांचा रुग्णावर उपचार करण्याचा हक्क मान्य झाला.

आपल्याकडे हीच विभागणी जातिव्यवस्थेने अधिक क्रूरपणे केली. धातू वितळविणारा, कातडे कमावणारा, रंग उकळणारा हा पदार्थांचे गुणधर्म प्रत्यक्ष जाणत होता. पण ग्रंथविद्येची दारे त्याला बंद होती. ज्याच्या हाती ग्रंथ होता, त्याला भट्टी आणि प्रेत यांचा विटाळ होता. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात (दोन खंड, १९०२ व १९०९) नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. कारागिरी खालच्या जातींकडे ढकलली गेली आणि बुद्धिजीवी वर्गाचा प्रत्यक्ष पदार्थाशी संबंध तुटला, हे भारतीय विज्ञानाच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण होय, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. प्राचीन काळी आपल्याकडे सर्व शोध लागलेले होते अशी दवंडी आज पिटणाऱ्यांनी राय यांचे हे निदान एकदा वाचावे.

१८३५ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये स्वतः प्रेताचे विच्छेदन केले. या घटनेचे मोल केवळ वैद्यकीय नव्हते. संस्कृत वैद्यकाचा एक पंडित हातात शस्त्र घेऊन निषिद्ध पदार्थाला स्पर्श करीत होता. वसाहतवादी सरकारने हे कॉलेज काढले ते स्वतःच्या सैन्याला व प्रशासनाला वैद्यकीय हाताखालचे लोक हवे होते म्हणून, याविषयी शंका नाही. परंतु इतिहासाची गती राज्यकर्त्यांच्या हेतूंपुरती मर्यादित राहत नाही. डोके आणि हात एकाच टेबलाशी आले आणि त्याचे परिणाम झाले.

युरोपातही रसायनशास्त्राला गती मिळाली ती याच कारणाने. जर्मनीतील गीसेन येथे लीबिगने १८२४ पासून जी प्रयोगशाळा उभी केली, तीत विद्यार्थी व्याख्याने ऐकून थांबत नसे. तो स्वतःच्या हाताने पृथक्करण करी. त्या पद्धतीवर १८४५ मध्ये लंडनला रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री निघाले आणि लीबिगचा शिष्य होफमान तेथे आला. हे कॉलेज खाजगी वर्गण्यांवर निघाले होते. शेती आणि उद्योग यांत झटपट फायदा होईल ही वर्गणीदारांची अपेक्षा होती. तो फायदा लगेच दिसेना, तसा वर्गण्यांचा ओघ आटला. अखेर १८५३ मध्ये ते सरकारी खनिकर्म विद्यालयात विलीन करावे लागले. तीनच वर्षांनी, १८५६ मध्ये, होफमानच्या हाताखालचा अठरा वर्षांचा पर्किन हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने बनविण्याच्या खटपटीत होता. त्याच्या हाती जांभळा रंग लागला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग जन्माला आला. खाजगी वर्गणीदारांना दम धरवला नाही. शोध लागला तो सार्वजनिक तिजोरीने संस्था वाचविल्यानंतर! होफमान पुढे जर्मनीस परत गेला आणि या रसायनविद्येचे मोठे पीक जर्मनीने काढले.

छपरावरील हाडे आणि कंदिलाचा उजेड

आता आपल्या देशाकडे वळू. प्रफुल्लचंद्र राय एडिंबरोची डॉक्टरेट घेऊन आले आणि १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले, ते दुय्यम श्रेणीत, दरमहा अडीचशे रुपयांवर. वरची श्रेणी गोऱ्यांसाठी राखीव होती. त्याच कॉलेजात त्यांनी मर्क्युरस नायट्राइटवरील आपले संशोधन केले (१८९६). पण कॉलेजच्या भिंतीआड ते थांबले नाहीत. १८९२ मध्ये सुमारे सातशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी आपल्या राहत्या घरी औषधनिर्मिती सुरू केली. खाटिकांकडून हाडे आणून ती घराच्या छपरावर वाळत घातली, त्यांची राख करून फॉस्फेट बनविले. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. प्रेसिडेन्सी कॉलेजचा प्राध्यापक छपरावर हाडे वाळवितो, हे दृश्य त्या काळच्या भद्रलोकांना मानवणे शक्यच नव्हते. यातूनच १९०१ मध्ये ‘बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स’ ही कंपनी उभी राहिली. ती स्वदेशी भांडवलाचीच कंपनी होती; तिला समाजवाद म्हणण्याचे कारण नाही. पण महाविद्यालयातील रसायन आणि देशाची गरज यांची सांगड घालता येते, हे वसाहतीच्या जोखडाखाली तिने सिद्ध केले.

मुंबईची हकीकतही अशीच आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग उसळला, तेव्हा हाफकिन यांनी आपली लस तयार केली ती ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी काला-आजारावरील युरिया स्टिबामाइन हे औषध सिद्ध केले ते १९२० च्या सुमारास कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये. ही प्रतिष्ठेच्या उतरंडीत मेडिकल कॉलेजच्या खालची संस्था होती. ब्रह्मचारींच्या खोलीत गॅस नव्हता, पाण्याचा नळ नव्हता, विजेचा दिवा नव्हता. रात्रीचे काम रॉकेलच्या दिव्यावर चाले. आसाम आणि बंगालमधील चहामळ्यांचे मजूर व शेतकरी ज्या रोगाने गावेच्या गावे मरत होते, त्यावरचे औषध या खोलीतून बाहेर पडले. पुढे १९५९ मध्ये शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू जे विष सोडतात त्याचे अस्तित्व प्रयोगाने दाखवून दिले, तेही कलकत्त्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक असतानाच.

पेटंटच्या आशेने पैसा गुंतविणारा कोणता भांडवलदार यांपैकी एकाही खोलीत हजर होता? काला-आजाराचा रोगी आणि पटकीचा रोगी यांच्या खिशात पैसा नसतो. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या रोगावर भांडवल संशोधन करीत नाही, हा भांडवलाचा दुष्टपणा नसून त्याचा नियम आहे. आणि म्हणूनच त्या नियमाबाहेरची संस्था लागते.

साखळी कशी जोडली गेली

मात्र शोध लागणे आणि तो जनतेपर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाविद्यालय, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि सार्वजनिक कारखाना अशी तीन कड्यांची साखळी जोडली गेली तरच दुसरी गोष्ट घडते. ही दृष्टी ज्यांनी आग्रहाने मांडली त्यांत परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी अग्रभागी होते. त्यांनी लसींबरोबर सल्फा औषधेही या सरकारी संस्थेत बनवून दाखविली. मूळ औषधद्रव्ये देशातच, सार्वजनिक मालकीच्या कारखान्यांत तयार झाली पाहिजेत हा त्यांचा आग्रह होता. १९५३ मध्ये त्यांना स्टॅलिन शांतता पारितोषिक मिळाले.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये सुरू झाला होता. १९५० मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि १९५१ मध्ये लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था निघाली. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. तेथील संशोधकांनी हमायसिन हे स्वतःचे बुरशीविरोधी औषधही शोधून काढले. १९६१ मध्ये सोव्हिएत साहाय्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स म्हणजे आयडीपीएलची स्थापना झाली आणि ऋषिकेश व हैदराबाद येथे तिचे प्रचंड कारखाने आले.

याच सुमारास अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने भारतातील औषधांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींत मोडतात अशी नोंद केली होती. अय्यंगार समितीचा अहवाल १९५९ मध्ये आला आणि दीर्घ संघर्षानंतर १९७० चा पेटंट कायदा झाला. १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे बंद केले. केवळ पद्धतीवर, तेही अल्प मुदतीचे पेटंट ठेवले. पर्यायी पद्धत शोधणे हे रसायनशास्त्रज्ञाचे काम, आणि रसायनशास्त्रज्ञ तर आपल्या सार्वजनिक महाविद्यालयांनी घडविले होते! कायदा आणि विद्यालय यांची अशी सांगड बसली.

एड्सवरील झिडोव्हुडिन या औषधाची कहाणी येथे मार्मिक ठरते. हा पदार्थ प्रथम १९६४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगाच्या संशोधनात, सरकारी निधीवर तयार केला. एड्सच्या विषाणूविरुद्ध तो चालतो हे १९८५ मध्ये सिद्ध करण्यात अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेचा मोठा वाटा होता. पेटंट मात्र बरोज वेलकम कंपनीने घेतले आणि १९८७ मध्ये एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला आठ ते दहा हजार डॉलर आकारले. त्याच औषधाची नवी पद्धत हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जनतेच्या प्रयोगशाळेत, ए. व्ही. रामाराव यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली आणि १९९० च्या दशकात सिप्लाने ते बाजारात आणले. पुढे २००१ मध्ये याच कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला, तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरांहून अधिक घेत होत्या. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांना जीवदान मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

साखळी कोणी तोडली?

परंतु येथेच दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सार्वजनिक विद्येची फळे हळूहळू खाजगी टोपलीत पडू लागली होती. डॉ. अंजी रेड्डी यांचे शिक्षण मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले, अनुभव त्यांनी आयडीपीएलमध्ये घेतला आणि १९८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. येथे व्यक्तीची निंदा करण्याचा प्रश्न नाही; त्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. प्रश्न व्यवस्थेचा आहे. तिन्ही कड्या जनतेच्या पैशाने घडल्या, आणि त्यांवर उभारलेला नफा भागधारकांचा झाला. इकडे आयडीपीएल १९९२ मध्ये आजारी उद्योग म्हणून घोषित झाली!

त्यानंतरचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापुढे मान तुकवून १ जानेवारी २००५ पासून औषधांवरील पदार्थ-पेटंट पुन्हा आणले गेले. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तिन्ही सरकारी लस-संस्थांचे परवाने निलंबित झाले. दोष होते तर ते दूर करण्यासाठी पैसा द्यावयाचा. येथे उत्पादनच थांबविले गेले, आणि निलंबन उठले ते २०१० मध्ये. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा आणि पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स व राय यांची बेंगॉल केमिकल विकण्याचा निर्णय घेतला. बेंगॉल केमिकलने तर त्याच आर्थिक वर्षात कित्येक दशकांनंतर नफा दाखविला होता! तेथील कामगारांची संघटना कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. आचार्यांचा वारसा कोणी जपला हे त्यावरून कळते.

आणि त्याचे फळ काय? मूळ औषधद्रव्यांसाठी देश चीनच्या आयातीवर अवलंबून राहू लागला. पेनिसिलिन-जीचे देशातील उत्पादन थंडावले. मग २०२० मध्ये त्याच केंद्र सरकारने मूळ औषधद्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली, ज्याचा लाभ खाजगी कंपन्यांना. पिंपरीत जे १९५० च्या दशकात बनत होते, ते पुन्हा बनावे म्हणून २०२० च्या दशकात खाजगी भांडवलाला खंडणी!

कोविडच्या काळात तर हे नागडे सत्य रस्त्यावर आले. विषाणू वेगळा केला पुण्याच्या सरकारी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने. लस विकसित झाली ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने. पण एप्रिल २०२१ मध्ये भारत बायोटेकने किंमत जाहीर केली ती राज्य सरकारांना ६०० आणि खाजगी रुग्णालयांना १,२०० रुपये. गदारोळ झाल्यावर राज्यांसाठी ती ४०० वर आली. परळच्या हाफकिन महामंडळाला या लसीच्या उत्पादनाची परवानगी मिळाली, ती दुसऱ्या लाटेत प्रेतांच्या रांगा लागल्यावर.

दोन आक्षेप

सार्वजनिक कारखान्यांत नोकरशाही, भ्रष्टाचार आणि अकार्यक्षमता नव्हती काय, असे विचारले जाईल. होती. परंतु ज्या मंत्रालयांनी यंत्रसामग्री जुनी होऊ दिली, संचालकपदे रिकामी ठेवली आणि आयातीची दारे उघडली, त्यांनीच हा आरोप करावा हा निर्लज्जपणा आहे. रोगावरचा उपाय कामगार व शास्त्रज्ञ यांचे लोकशाही नियंत्रण हा होता, लिलाव नव्हे.

महाविद्यालयांत संशोधन होते तरी कोठे, हा दुसरा आक्षेप. तो अधिक गंभीर आहे आणि त्याला टाळता येणार नाही. २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा आढावा घेणाऱ्या एका अभ्यासात देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध प्रसिद्ध झाला नसल्याचे आढळले. पण या आकड्याचा अर्थ काय? शिक्षणाचा बाजार मांडणाऱ्यांनी इमारत, खाटा आणि शुल्क यांचे गणित जमविले. प्रयोगशाळा त्या गणितात बसत नव्हती. सरकारी महाविद्यालयांत रुग्णांच्या लोंढ्याखाली अध्यापक पिचून गेला. २०२०-२१ मध्ये संपूर्ण देशाचा संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. कंदिलाच्या उजेडात ब्रह्मचारींनी औषध शोधले म्हणून सर्वांना कंदीलच पुरे, असे म्हणणारा माणूस ब्रह्मचारींचा गौरव करीत नाही. तो शास्त्रज्ञांची विटंबना करतो.

आपल्यापुढील कार्य

लढल्याने काही मिळत नाही, हे मात्र खरे नाही. २००५ मध्ये संसदेत डाव्या पक्षांनी घेतलेल्या ठाम भूमिकेमुळे पेटंट कायद्यात कलम ३(ड) आले. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट लाटण्याला त्याने लगाम घातला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला तो याच कलमाच्या आधारे. मार्च २०१२ मध्ये कर्करोगावरील एका औषधासाठी देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला गेला. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. २०२३ मध्ये क्षयरोगावरील बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत लांबविण्याचा प्रयत्न क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांच्या हरकतीनंतर भारतीय पेटंट कार्यालयाने हाणून पाडला.

म्हणून चळवळीने पुढील मागण्या आपल्या मानल्या पाहिजेत. जनतेच्या निधीतून झालेल्या प्रत्येक शोधावर जनतेचा हक्क राहिला पाहिजे, आणि त्याची किंमत ठरविण्याचा अधिकार कंपनीला देता कामा नये. सार्वजनिक औषध व लस कारखान्यांची विक्री रद्द करून त्यांचे आधुनिकीकरण झाले पाहिजे. कलम ३(ड) व सक्तीचा परवाना यांवर व्यापार करारांच्या आडून होणारे आक्रमण परतवून लावले पाहिजे. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सुसज्ज प्रयोगशाळा, कायम अध्यापक आणि परवडणारे शुल्क असले पाहिजे. कंत्राटावर राबणारे प्रयोगशाळा सहायक आणि विद्यावेतनासाठी महिनोन्महिने ताटकळणारे संशोधक विद्यार्थी यांच्या संघटनांना औषध कामगारांच्या संघटनांशी जोडून घेतले पाहिजे. आणि औषधाचे, रोगाचे, पेटंटचे ज्ञान मराठीत, तेलुगूत, बंगालीत कामगार वस्त्यांपर्यंत नेले पाहिजे. विद्वानांच्या भाषेत कोंडलेली विद्या मूठभरांचीच राहते.

डोके आणि हात यांची फारकत ज्या काळी होती, त्या काळी विद्या कुंठित झाली. ती फारकत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत संपू लागली. आता विद्या आणि तिचे फळ यांची फारकत उरली आहे, आणि ती प्रयोगशाळेत संपणारी नाही. तिच्यासाठी कारखान्याच्या दारात, संसदेत आणि रस्त्यावर संघटित संघर्ष करावा लागेल. पिंपरी, हैदराबाद, कलकत्ता, ऋषिकेश येथील कामगार तो लढत आले आहेत. त्यांना एकटे पडू देता कामा नये.